साडूंच्या लाल खुर्च्या

“दार उघडू नको हां. आधीच सांगून ठेवतो. उघडलंस तर मी परत जाईन.”

बिरवाडीतल्या एका चाळीच्या अंगणात उभे राहून माझे साडू वरच्या मजल्याकडे बघत ओरडत होते. त्यांच्या दोन्ही हातांत एकेक लाल प्लॅस्टिकची खुर्ची होती. तिसरी मी तोंडापुढे धरली होती, म्हणजे कुणी ओळखीचं भेटलंच तर त्याला आधी खुर्ची दिसावी. वरच्या ज्या खोलीकडे बघून हे चाललं होतं तिथे दिनेश नावाचा एक कामगार बरेच दिवस आतून कडी लावून पडला होता. कामावर जाणं बंद, जेवण नावाला, बोलणं तेवढंही नाही. दवाखान्यातल्या गोळ्या सुरू होत्या, पण गोळ्यांपलीकडे जगात काही आहे यावरचा त्याचा विश्वास उडाला होता. त्याची आई पोलादपूरकडच्या डोंगरातून येऊन दारापाशी रडून गेली. मामा आला, सुपरवायझर आला. प्रत्येकाने एकच सांगितलं की दार उघड. उघडू नको असं सांगायला आलेला पहिला माणूस म्हणजे माझे साडू.

ओरडा ऐकून घरमालकीण बाहेर आली. “ओ, कोण तुम्ही? त्या पोराला बरं नाय.”

“मला पण नव्हतं बरं,” साडू म्हणाले. “म्हणून तर आलोय.”

“मग वर जाऊन आत बसा ना.”

“आत कशाला? आत तो हाय.”

आम्ही वर गेलो, गॅलरीत खुर्च्या मांडल्या आणि बसलो. बंद दाराशी एक शब्दही न बोलता साडू माझ्याशी गप्पा मारू लागले. सागाच्या वाशांबद्दल, ताडपत्रीबद्दल, आणि मधूनमधून ते स्वतः आजारी असताना दाढी कुठवर वाढली होती याबद्दल. ती दाढी त्या दिवशी आधी छातीपर्यंत होती, चहानंतर ती बेंबीला लागली. जेवणाची वेळ झाली तेव्हा ती दाढी पायात अडकून साडू पडायच्या बेतात होते, आणि तेवढ्यात आतून एक बारीक, गंजलेला आवाज आला.

“जरा हळू बोला.”

साडूंनी माझ्या मांडीवर अशी थाप मारली की माझ्याखालची ती खुर्ची आजही एका बाजूला कलते. मग दाराकडे तोंड करून ते म्हणाले, “तेच तर मला येत नाय रे बाबा. उद्या मी परत येतो. तू मला शिकव.”

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत माझ्या साडूंएवढा मोठा आवाज कुणाला नाही, हे मी साडू आहेत म्हणून म्हणत नाही, कानाचा त्रास आहे म्हणून म्हणतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा मांडवाचा. महाडच्या बाजारपेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आणि समोर त्यांचं गोदाम. जन्मभर बांबूवर चढलेल्या गड्यांशी खालून बोलून त्यांचा गळा असा झाला की ते महाडात “दोन चहा” म्हणाले की पोलादपूरच्या स्टँडवरचा चहावाला आधण ठेवतो. पुराच्या दिवसांत नगरपालिकेचा भोंगा वाजला की लोक घरातलं सामान माळ्यावर चढवण्याआधी मला फोन करून विचारतात, “भोंगाच हाय ना, का तुमचे साडू?” एकदा त्यांनी माझ्या कानात एक गुपित सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीन गिऱ्हाइकांनी त्यावर आपापलं मत दिलं.

असा हा आवाज काही वर्षांपूर्वी बंद पडला होता. ऐन लग्नसराईत, एका घरची हळद तोंडावर असताना, साडू गोदामातल्या खुर्च्यांच्या चळतीवर जे बसले ते उठलेच नाहीत. मांडव अर्धा उभा, गडी वर बांबूवर बसून हुकमाची वाट बघतायत, आणि खाली मालक भिंतीकडे तोंड करून गप्प. घरच्यांना आधी वाटलं, दमले. मग वाटलं, कुणीतरी काहीतरी केलं. नारळ झाले, अंगारे झाले. एका भगताने कोंबडा मागितला, दुसऱ्याने त्याच कोंबड्याचा रंग चुकला म्हणून सांगितलं. शेवटी आमच्या ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, कोंबडा शिजवून सगळ्यांना वाढला आणि नवऱ्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे आठवड्यातून एकदा मनाचे डॉक्टर येतात.

डॉक्टर भले होते. पण साडू त्यांचं नाव जेवढ्या आदराने घेतात त्याच्या दुप्पट आदराने तिथल्या बाकाचं घेतात. त्या बाकावर त्यांच्या शेजारी पोलादपूरच्या वरच्या अंगाची एक आजी बसली होती. नऊवारी, हातात गोळ्यांची पिशवी.

“नवीन काय रे?” आजीने विचारलं. साडू भिंतीकडे बघत राहिले.

“गोळी चालू झाली की तोंड सुकंल,” आजी म्हणाली. “घाबरायचं नाय. आवळकाठी ठेवायची खिशात, चघळायला. मी पण अशीच बसायची, भिंतीकडं बघत. कुणाशी बोलत नव्हते. आता बघ, सगळ्यांशी भांडते.”

डॉक्टरांनी औषध दिलं, पण या आजारातून माणूस भांडण्याइतका बरा होऊ शकतो याचा चालताबोलता पुरावा आजीने दिला. नुसता देऊन थांबली नाही. पुढच्या आठवड्यात ती महाडला साडूंच्या ओटीवर येऊन बसली, पिशवीतून मोड आलेले वाल काढले आणि सोलू लागली. “एकटीच्यानं होत नाय रे,” ती साडूंना म्हणाली. “चार सोलून दे.” अख्ख्या कोकणात एकटीने वाल सोलता येत नाहीत असं म्हणणारी ही पहिली बाई. पण साडूंना कित्येक महिन्यांत कुणी काही मागितलंच नव्हतं, सगळे द्यायलाच येत होते. त्यांनी एक वाल उचलला आणि साल काढली. साडू आजही सांगतात, “मी पहिला बरा झालो तो एका वालायेवढा.”

तेव्हापासून साडूंनी हा नवाच उद्योग सुरू केला. कुठे कुणाचं मन आजारी पडल्याचं कळलं की स्कूटरला खुर्च्या बांधायच्या आणि निघायचं. खुर्ची स्वतःची का, तर “त्याच्या घरातल्या खुर्चीवर बसलो तर मी पाव्हणा झालो. मग त्याला उठून चहा ठेवावा लागणार. अरे, त्याला अंथरुणातनं पाय खाली टाकवत नाय आणि तू चहा मागतोस?” उपदेशाचं त्यांना वावडं. गोदामाच्या मागे दर गुरुवारी दुपारी या मंडळींची बैठक भरते. तिथे “टेन्शन घेऊ नको” असं जो म्हणेल त्याने सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या, असा नियम आहे. मी पहिल्या गुरुवारी गेलो आणि घरी येईपर्यंत माझी बोटं पांढरी पडली होती. तिथे कुणी कुणाला शहाणपण सांगत नाही. आपलं आपलं सांगतात. एकाने म्हणावं, सकाळी उठवत नाही. दुसऱ्याने म्हणावं, मला पण नव्हतं उठवत, मी आधी एकच पाय खाली सोडायचो. तिसऱ्याने विचारावं, कुठला पाय? मग त्यावर तासभर वाद. गोळ्यांबद्दल मात्र साडू कडक. कुणी म्हणालं की आता बरं वाटतंय, बंद करतो, की ते ओरडत, “गोळी डाक्टरची, बसणं आपलं. डाक्टरला इचारल्याशिवाय बंद करायची नाय.” हे वाक्य समोर माझ्या दुकानात पाठ्यपुस्तकं घ्यायला येणाऱ्या पोरांनाही पाठ झालं होतं.

दिनेशही हळूहळू त्या बैठकीत येऊ लागला. साडूंना हळू बोलायला शिकवायचं काम त्याच्याकडे होतं. शिष्याची प्रगती शून्य होती, पण गुरुजी पुन्हा कामावर जायला लागले.

या सगळ्या कारभाराला साडूंनी नाव दिलं होतं सावड. आमच्याकडे भातलावणीला सावड करतात. आज तुझ्या शेतात मी राबायचं, उद्या माझ्या शेतात तू. तिथे पैशांचा संबंध नाही आणि चुकवायची सोय नाही. सावड अंगावर असलेला माणूस मेला तरी त्याचा मुलगा येऊन वाकतो. “आपलं पण तसंच,” साडू म्हणत. “तुझ्या वाईट दिवसात मी बसलो, आता तू दुसऱ्याच्या जाऊन बस. माझं फेडायचं नाय, पुढं सरकवायचं.”

साडूंचं भाताचं शेत तुडीलला आहे. एका वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की खरीखुरी सावडच घालायची. बैठकीतली सगळी मंडळी त्यांनी टेंपोत भरली. आजी आली, दिनेश आला, मी बघायला म्हणून गेलो आणि चिखलात उतरवला गेलो. साडूंनी बांधावरून असा आवाज टाकला की सावित्री नदीवरचे बगळे उडाले ते थेट प्रतापगडाच्या बुरुजावर जाऊन बसले. आम्ही दिवसभर वाकून लावणी केली. शेजारच्या शेतातले तात्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन बांधावर बसले होते. बायको गेलेली, मुलं मुंबईला, माणूस कुढा आणि तिरका. आमच्या बैठकीला त्यांनीच “खुळ्यांचा मांडव” असं नाव ठेवलं होतं. तंबाखू मळत ते दिवसभर आमच्याकडे बघत राहिले. चकार शब्द नाही. उन्हं कलली, शेवटची मूठ रोवून आम्ही कमरा सरळ केल्या, तेव्हा ते उठले.

“लावणी बरी झाली,” तात्या म्हणाले. “पण ह्ये शेत माझं हाय.”

मधला बांध पाण्याने फुटून वाहून गेला होता आणि साडू ओरडण्याच्या नादात अख्खी पलटण पलीकडे घेऊन गेले होते. स्वतःची रोपं, स्वतःची माणसं, आणि शेत तात्यांचं. साडू एकदा रोपांकडे आणि एकदा तात्यांकडे बघू लागले. तेवढ्यात कुणीतरी हसायला लागलं. बघतो तर दिनेश. चिखलात बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तो हसतो कसा हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आजीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, कळलं नाही.

पण खरी गंमत पुढे झाली. तात्या कितीही तिरके असले तरी गावचे होते. सावड अंगावर घेऊन झोप लागेल असा माणूस तुडीलमध्ये जन्माला आलेला नाही. दुसऱ्या दिवशी ते गोदामात येऊन उभे राहिले.

“ह्या खुळ्यांची शेतं कुठं हायत?” त्यांनी विचारलं. “फेडायला पायजे.”

“शेतं कुठली तात्या,” साडू म्हणाले. “कुणाची भाड्याची खोली, कुणाची डोंगरातली वरकस जमीन. त्यांचा वाईट दिवस तेच त्यांचं शेत. त्या दिवशी जाऊन बसायचं.”

“बसून काय करायचं?”

“काय नाय करायचं. त्येच तर तुला येतं.”

अशा रीतीने तात्या मनाच्या आजारात लोकांची सोबत करू लागले आणि त्यात, सांगायला वाईट वाटतं, ते साडूंपेक्षा सरस निघाले. दिनेशच्या एका वाईट दिवशी ते बिरवाडीच्या खोलीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसले. उठताना एवढंच बोलले, “तुझा पंखा हळू फिरतो.” दिनेश म्हणतो, त्या दिवसासारखा आराम त्याला कधी पडला नव्हता. तात्यांची सावड केव्हाच फिटली, पण त्यांचं येणं थांबेना. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “घरी तरी काय करायचंय.”

मग मागच्या लग्नसराईनंतरची गोष्ट. मी दुकानात बसलो होतो आणि मला माझ्याच पंख्याचा आवाज ऐकू आला. त्या पंख्याला आवाज आहे हे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. समोर बघितलं, गोदाम उघडं, गडी काम करतायत. पण काहीतरी कमी होतं. इतक्यात ताईंचा फोन आला.

“भावोजी,” त्या म्हणाल्या, “हे हळू बोलायला लागलेत.”

मी चप्पल न घालता रस्ता ओलांडून गोदामामागच्या त्यांच्या घरात गेलो. साडू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. झालं होतं असं की दर आठवड्याला याला आण, त्याला ने, याचा नंबर लाव, त्याचा केसपेपर काढ, या धांदलीत साडूंनी स्वतःचा नंबर लावायचाच सोडला होता. गोळ्या कधीच संपल्या होत्या. जगाला ओरडून सांगितलेलं वाक्य त्यांना स्वतःला ऐकू गेलं नव्हतं.

“मंडळींना सांगू नको,” साडू म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. “मी पडलो कळलं तर सगळे खचतील. त्यांना वाटंल, ह्यातनं कोण बाहेर येतच नाय. दिनेश तर...” दवाखान्यात चला म्हटलं तर मान भिंतीकडे. त्यांनी बसवलेला सगळा मांडव आपल्याच एका खांबामुळे खाली येईल याची त्यांना भीती होती. आणि या भीतीपायी ते उठणार नव्हते.

मी गुपित राखणार होतो. पण ताईंनी तसला काही शब्द दिलेला नव्हता. त्यांनी सरळ आजीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामातून खुर्च्या निघाल्या. आतल्या खोलीचं दार बंद, पण खोलीची खिडकी पडवीत उघडते. त्या खिडकीबाहेर लाल खुर्च्यांची रांग लागली. दिनेश कामाची पाळी बदलून आला होता. तो खिडकीजवळ गेला, घसा खाकरला आणि शिकवणारा माणूस बोलतो तशा हलक्या आवाजात म्हणाला, “दार उघडू नका हां. आम्ही तुम्हाला भेटायला नाय आलो. बसायला आलोय.”



आजीने वाल सोलायला घेतले. मोड आलेल्या वालांची एक वाटी तिने खिडकीच्या कठड्यावर ठेवली. “एकटीच्यानं होत नाय रे,” ती म्हणाली. संध्याकाळी वाटी तशीच होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा मंडळी आली, पुन्हा वाटी ठेवली. तीही तशीच राहिली. मला धीर निघेना. मी तोंड उघडून “टेन्शन...” एवढंच म्हणालो तर आजीने कपबश्यांकडे बोट दाखवलं. दिनेश मात्र शांत होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, “तू खचलास का रे? ते असे बघून?”

“नाय ओ,” तो म्हणाला. “उलट बरं वाटलं. मला वाटायचं त्यांना आता कायच होत नाय, आणि मला मात्र मधनंमधनं होतं. म्हणजे माझंच काय तरी चुकतंय.”

हे वाक्य त्याने मुद्दाम खिडकीकडे तोंड करून म्हटलं नाही. पण पडवी लहान होती.

तेवढ्यात पलीकडे बसलेले तात्या कुरकुरले. त्यांच्या वाट्याला बिरवाडीला माझ्या मांडीवरच्या थापेने वाकलेली ती कलती खुर्ची आली होती. “डुगडुगते ही खुर्ची,” तात्या म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा, “मांडववाल्याच्या घरची खुर्ची आणि डुगडुगते. तुडीलला सांगायला पायजे.”

खिडकीतून आवाज आला. बारीक होता, पण साडूंचा होता.

“ती वाकवलीय. दुसरी घे.”

“नको,” तात्या म्हणाले. “बसलोय आता.”

त्या संध्याकाळी कठड्यावरची वाटी उचलताना आजी थबकली. वाटीत एका बाजूला सोललेले वाल होते. फार नव्हते. बिरडं करायला घेतलं तर एका माणसाचा एक घासही भरला नसता. आजीने ते सगळ्यांना दाखवत पडवीभर फिरवले, जसं काही कुणाकडे बारसं होतं. आणि पुढच्या दवाखान्याच्या दिवशी साडू दाढी करून बाहेर आले. टेंपोत सगळे बसले. त्या दिवशी नंबर दिनेशने लावला, आणि साडू बाकावर आजीच्या शेजारी बसले, पहिल्यासारखे. “आवळकाठी हाय काय खिशात?” आजीने विचारलं. त्यांनी काढून दाखवली.

आता गुरुवार पुन्हा भरतो. साडूंच्या नंबराची काळजी दिनेश घेतो आणि सावड साडूंच्याही अंगावर आहे हे त्यांनी कबूल केलंय. आवाजही परत आला, पण पहिल्याएवढा नाही. पोलादपूरच्या चहावाल्याला आता फोन करावा लागतो, आणि कधी कधी दुपारी मला माझा पंखा ऐकू येतो. मग मी गल्ल्यावरून उठून समोर बघून येतो.

परवा असाच गेलो. साडू गोदामात एकटेच खुर्च्या पुसत होते. मी म्हटलं, “साडूभाऊ, एक विचारू? ते सगळे दिवस आत पडून होता, तेव्हा मनात काय चाललं होतं?”

त्यांनी कलती खुर्ची हाताने दाबून बघितली आणि चळतीवर ठेवली.

“काय नाय,” म्हणाले. “बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता.”